ब्राउझर उघडतो, स्क्रिप्ट अडते: प्रमाणपत्राच्या नूतनीकरणानंतर पुन्हा पुन्हा येणारा साखळीदोष

‘सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड: अनेबल टू गेट लोकल इश्युअर सर्टिफिकेट’ (म्हणजे सर्व्हरच्या प्रमाणपत्रावर सही करणाऱ्याचे प्रमाणपत्र सापडले नाही) ही ओळ ज्यांनी कधीतरी रात्री नोंदफायलीत पाहिली असेल आणि त्याच वेळी तोच पत्ता मोबाइलच्या ब्राउझरमध्ये बिनतक्रार उघडतानाही पाहिला असेल, त्यांच्यासाठी हे टिपण आहे. हा दोष एकदा दुरुस्त केला की काही महिने दिसत नाही आणि नंतर पुन्हा उपटतो, त्यामुळे दर वेळी नवे काहीतरी बिघडले आहे असे वाटते. प्रत्यक्षात तो दोष एकच असतो आणि बहुतेक वेळा स्क्रिप्टमध्ये नसतोच. टिपणात आज्ञांची व पर्यायांची नावे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लिपीत टंकावी लागतील.

तक्रार काय होती

एका दूध संकलन संस्थेचे काम माझ्याकडे आहे. संस्थेच्या संगणकावर दिवसभराच्या संकलनाची नोंद होते, म्हणजे सभासदाचा क्रमांक, लिटर, फॅट आणि एसएनएफ (दुधातील स्निग्धांशाव्यतिरिक्तचे घन पदार्थ). आणि रात्री साडेअकरा वाजता पायथॉनमधली एक छोटी स्क्रिप्ट ही नोंद सुरक्षित जोडणीवरून आमच्या सर्व्हरला पाठवते. स्क्रिप्टचा जोडणीचा भाग पायथॉनच्या अधिकृत दस्तऐवजातील नमुन्यावरून घेतलेला आहे: ‘क्रिएट डिफॉल्ट कॉन्टेक्स्ट’ने संदर्भ तयार करायचा, त्याला विश्वासू प्रमाणपत्रांची फाईल दाखवायची, सॉकेट (नेटवरील जोडणीचे टोक) त्या संदर्भात गुंडाळताना सर्व्हरचे नाव द्यायचे आणि मग माहिती पाठवायची. जेमतेम वीस ओळींचा मजकूर.

सकाळी सचिवांचा फोन येतो. त्यांचे वाक्य ठरलेले असते: “साहेब, संगणक चालू आहे, नेट आहे, मोबाइलवर तुमचं पानही उघडतंय, पण रात्रीचं दूध चढलेलं नाही.” २०२४ च्या उन्हाळ्यापर्यंत असा फोन या कारणासाठी कधी आला नव्हता. त्यानंतर वर्षभरात तो तीनदा आला, आणि पहिल्या दोन वेळी मी जी दुरुस्ती केली तीच तिसऱ्या वेळच्या बिघाडाचे कारण झाली.

दुसऱ्या खेपेला सचिवांनी मदत म्हणून निविदा भरण्यासाठी घेतलेले यूएसबी टोकन पुढे केले होते, कारण मी फोनवर ‘डिजिटल प्रमाणपत्राची अडचण आहे’ असे म्हणालो होतो. त्यांचा गैरसमज अगदी स्वाभाविक होता. त्या टोकनातील प्रमाणपत्र एका व्यक्तीच्या स्वाक्षरीचे असते आणि माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० नुसार परवाना मिळालेली प्रमाणन संस्था ते देते. सर्व्हरचे प्रमाणपत्र संकेतनामाची ओळख पटवते. त्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे ब्राउझरमधील किंवा संगणकातील विश्वासयादी ठरवते. दोन्हींच्या मुळाशी असलेले गणित सारखेच आहे, पण एकाने दुसऱ्याचे काम भागत नाही.

ब्राउझर का फसवतो

सर्व्हरचे प्रमाणपत्र सहसा थेट मूळ प्रमाणपत्राच्या, म्हणजे रूटच्या, सहीने दिले जात नाही. रूटची खासगी की तिजोरीत ठेवतात. तिने एका मधल्या प्रमाणपत्रावर सही केलेली असते आणि ते मधले प्रमाणपत्र आपल्या सर्व्हरच्या प्रमाणपत्रावर सही करते. पडताळणी करणाऱ्याकडे फक्त रूट असते. त्यामुळे हस्तांदोलनाच्या (जोडणी सुरू होताना ओळख पटवण्याच्या) वेळी सर्व्हरने स्वतःच्या प्रमाणपत्रासोबत मधले प्रमाणपत्रही पाठवले पाहिजे, नाहीतर आपल्याकडचे रूट आणि समोरून आलेले प्रमाणपत्र यांच्यात एक कडी कमी पडते. रूट पाठवण्याची गरज नाही. ते पाठवले तरी पाहणारा स्वतःकडचेच वापरतो.

सर्व्हर ही कडी द्यायला विसरला तर क्रोम आणि सफारी गप्प बसत नाहीत. प्रमाणपत्रातच ‘माझ्यावर सही करणाऱ्याचे प्रमाणपत्र अमुक पत्त्यावर मिळेल’ अशी नोंद असते. तो पत्ता वाचून ते मधले प्रमाणपत्र स्वतः उतरवून घेतात. फायरफॉक्स ज्ञात मधल्या प्रमाणपत्रांचा साठा आधीच बाळगून असतो. वापरणाऱ्याला काहीच जाणवत नाही. ओपनएसएसएल (सुरक्षित जोडणीचे काम करणारे सॉफ्टवेअर) आणि त्यावर उभे असलेले पायथॉन, पीएचपी, कर्ल (टर्मिनलवरून पत्ता उघडणारे साधन) हे मात्र असे काही करत नाहीत. हातात आलेल्या आणि विश्वासयादीत असलेल्या प्रमाणपत्रांतून साखळी जुळली तर जुळली. म्हणून ‘ब्राउझरमध्ये तर उघडते’ हे वाक्य या तक्रारीत पुराव्यादाखल मुळीच धरू नये. मी दोन वेळा धरले आणि दोन्ही वेळी चूक स्क्रिप्टमध्ये शोधत बसलो.

तपासणी कशी केली

ओपनएसएसएलची ‘एस-क्लायंट’ ही आज्ञा या कामाला पुरेशी आहे. तिला ‘कनेक्ट’ पर्यायाने सर्व्हरचे नाव व ४४३ हा पोर्ट द्यावा, ‘सर्व्हरनेम’ पर्यायाने तेच नाव पुन्हा द्यावे आणि ‘शोसर्ट्स’ हा पर्याय जोडावा. ओपनएसएसएल १.१.१ पासून सर्व्हरचे नाव आपोआप पाठवले जाते. त्याआधीच्या आवृत्तीत ते दिले नाही, तर एकाच यंत्रावर अनेक संकेतस्थळे असताना भलतेच प्रमाणपत्र समोर येते आणि तास दीड तास वाया जातो. आज्ञा प्रतीक्षेत अडकून राहू नये म्हणून तिचे इनपुट ‘डेव्ह नल’ या कायम रिकाम्या फाईलकडून द्यावे.

येणाऱ्या मजकुरात ‘सर्टिफिकेट चेन’ या शीर्षकाखालचा भाग आधी वाचावा. प्रत्येक प्रमाणपत्राला ० पासून क्रमांक असतो. ‘एस’ने सुरू होणारी ओळ ते कोणाचे आहे हे सांगते आणि ‘आय’ने सुरू होणारी ओळ त्यावर कोणाची सही आहे हे सांगते. नीट असलेल्या साखळीत ० क्रमांकाची ‘आय’ ओळ आणि १ क्रमांकाची ‘एस’ ओळ एकसारखी असते. आमच्या सर्व्हरच्या उत्तरात फक्त ० क्रमांक होता. १ नव्हताच. सगळ्यात खाली ‘व्हेरिफाय रिटर्न कोड: २१’ आणि त्यापुढे ‘अनेबल टू व्हेरिफाय द फर्स्ट सर्टिफिकेट’ असे लिहिलेले होते.

येथे एक गोंधळ होतो. पायथॉनच्या नोंदीत २० क्रमांकाचा दोष दिसतो आणि एस-क्लायंटच्या अखेरीस २१ क्रमांकाचा, म्हणून दोन वेगळे बिघाड आहेत असे वाटते. वास्तविक पायथॉन पहिल्या दोषालाच थांबते, तर एस-क्लायंट २० ची नोंद वर देऊन पुढे जातो आणि शेवटचा दोष म्हणून २१ सांगतो. मूळ एकच आहे: सही करणारा सापडला नाही. क्रमांक १९ आला, तर साखळी शेवटपर्यंत जुळली आहे पण तिच्या टोकाचे रूट आपल्या यादीत नाही, असा अर्थ होतो. तो वेगळा आजार आहे. आणखी एक सावधगिरी अशी की एस-क्लायंट आपण होऊन संकेतनाम जुळवून पाहत नाही, त्यामुळे नावाची तपासणी हवी असेल तर ‘व्हेरिफाय-होस्टनेम’ हा पर्याय स्पष्टपणे द्यावा लागतो. ‘व्हेरिफाय रिटर्न कोड: ०’ एवढे पाहून निर्धास्त होणाऱ्यांना हे सहसा ठाऊक नसते.

तपासणी शक्यतो त्याच संगणकावरून करावी जिथे स्क्रिप्ट अडते. कारण ‘आय’ ओळीत कधी कधी प्रमाणन संस्थेऐवजी विषाणूरोधक सॉफ्टवेअरचे किंवा कार्यालयाच्या फायरवॉलचे नाव दिसते. हे सॉफ्टवेअर सुरक्षित जोडणी मध्येच उघडून पाहते आणि स्वतःच्या सहीचे प्रमाणपत्र पुढे करते; त्याचे रूट विंडोजच्या यादीत आधीच घातलेले असल्याने ब्राउझर तक्रार करत नाही, पण पायथॉनचे ‘रिक्वेस्ट्स’ हे ग्रंथालय विंडोजची यादी न वाचता ‘सर्टिफाय’सोबत आलेली यादी वाचते आणि अडते. अशा वेळी सर्व्हरवर कितीही दुरुस्ती केली तरी उपयोग नाही. त्या सॉफ्टवेअरमध्ये हा पत्ता वगळावा, किंवा त्याचे रूट असलेली फाईल ‘रिक्वेस्ट्स-सीए-बंडल’ या पर्यावरण चलात दाखवावी.

दोष पुन्हा पुन्हा का येत होता

हे समजायला मागे जावे लागते. आमचा सर्व्हर लेट्स एन्क्रिप्ट या मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थेची ९० दिवसांची प्रमाणपत्रे वापरतो. ३० सप्टेंबर २०२१ रोजी ‘डीएसटी रूट सीए एक्स-३’ हे जुने रूट मुदतबाह्य झाले, आणि ज्या जुन्या यंत्रांच्या विश्वासयादीत ‘आयएसआरजी रूट एक्स-१’ नव्हते त्यांची जोडणी तुटली. संस्थेचा संगणक त्यांतलाच होता. मी घाईघाईने एक वेगळी विश्वासू फाईल तयार करून स्क्रिप्टला दाखवली. त्याच आठवड्यात सर्व्हर नव्या यंत्रावर हलवला होता आणि त्याच्या एनजिनएक्स या वेब सर्व्हर सॉफ्टवेअरच्या मांडणीत प्रमाणपत्राच्या जागी माझ्याच हातून ‘फुलचेन’ऐवजी ‘सर्ट’ नावाची फाईल लिहिली गेली होती. प्रमाणपत्रे आपोआप मिळवणारे आणि त्यांचे नूतनीकरण करणारे साधन सर्टबॉट चार फायली ठेवतो: ‘सर्ट’मध्ये फक्त सर्व्हरचे प्रमाणपत्र असते, ‘चेन’मध्ये मधले, ‘फुलचेन’मध्ये दोन्ही आणि ‘प्रायव्हकी’मध्ये खासगी की. नाव वाचून ‘सर्ट’च द्यायला हवी असे वाटते. एनजिनएक्सला फुलचेन लागते.

नव्या फाईलने स्क्रिप्ट चालेना, तेव्हा मी रूटच्या खाली ‘आर-३’ हे त्या काळचे मधले प्रमाणपत्रही चिकटवले. स्क्रिप्ट चालू लागली. सर्व्हरने न दिलेली कडी मी ग्राहकाच्या खिशात घालून ठेवली होती, आणि सर्व्हरवरची चूक त्यामुळे जवळजवळ पावणेतीन वर्षे झाकून राहिली, कारण या काळात आरएसए या कूटपद्धतीच्या प्रकारची सगळी प्रमाणपत्रे आर-३ च्याच सहीने येत होती.

जून २०२४ मध्ये लेट्स एन्क्रिप्टने आर-३ बाजूला ठेवून आर-१० व आर-११ यांच्या सहीने प्रमाणपत्रे द्यायला सुरुवात केली. कोणत्या नूतनीकरणाला यांतले कोणते येईल हे मुद्दामच निश्चित ठेवलेले नाही, जेणेकरून लोकांनी एखादे मधले प्रमाणपत्र आपल्या प्रणालीत कायमचे घट्ट बसवू नये. मी नेमके तेच केले होते. पहिल्या बिघाडात आर-११ आले होते. मी ते विश्वासू फाईलच्या शेवटी जोडले. पुढच्या खेपेला आर-१० आले, तेही जोडले. मग दोन्ही फाईलमध्ये असल्याने काही नूतनीकरणे शांतपणे पार पडली आणि दुखणे गेले असा माझा समज झाला. २०२५ मध्ये प्रमाणपत्र आर-१३ च्या सहीने आले आणि सचिवांचा तिसरा फोन आला.

तारखाही जुळत नव्हत्या, हा वेगळा चकवा. नूतनीकरण झाले त्या दिवशी काहीच बिघडत नसे. दोन-तीन आठवड्यांनी, एखाद्या रात्री सर्व्हर अद्ययावत करून पुन्हा सुरू केला की स्क्रिप्ट अडे, आणि साहजिकच संशय त्या अद्ययावतीकरणावर जाई. कारण साधे होते. एनजिनएक्स प्रमाणपत्र सुरू होताना एकदाच वाचतो आणि स्मृतीत ठेवतो. सर्टबॉटचा एनजिनएक्ससाठीचा जोडघटक वापरला तर तो एनजिनएक्सला फाईल पुन्हा वाचायला लावतो. आम्ही ‘वेबरूट’ (संकेतस्थळाच्या निर्देशिकेत फाईल ठेवून संकेतनाम आपले असल्याचे दाखवण्याची) पद्धत वापरत होतो, तिच्यात ही सोय आपोआप होत नाही. नवे प्रमाणपत्र डिस्कवर पडून असे आणि सर्व्हर जुनेच दाखवत राही. सर्व्हर पुन्हा सुरू करण्याचा प्रसंग मुदतीआधी आला नसता तर एके दिवशी ‘मुदतबाह्य’ असा निराळाच दोष दिसला असता आणि मी आणखी एका भलत्या दिशेला गेलो असतो.

दुरुस्ती

सर्व्हरवर ‘एसएसएल-सर्टिफिकेट’ या निर्देशापुढे फुलचेनचा मार्ग लिहिला. ‘एनजिनएक्स हायफन टी’ने मांडणी तपासून एनजिनएक्सला फाईल पुन्हा वाचायला सांगितले. या तपासणीबद्दल एवढे लक्षात ठेवावे की की आणि प्रमाणपत्र एकमेकांचे नसतील तर ती लगेच ओरडते, पण साखळी अपुरी असेल तर ती ‘सर्व ठीक’च म्हणते. म्हणून पाठोपाठ एस-क्लायंट चालवून १ क्रमांकाची ओळ आली की नाही हे डोळ्यांनी पाहिले.

ज्यांना साखळीची फाईल हातानेच तयार करावी लागते, म्हणजे विकत घेतलेले प्रमाणपत्र झिप फाईलमधून येते त्यांना, क्रम पाळावा लागतो: आधी सर्व्हरचे, त्याखाली त्यावर सही करणारे, त्याखाली त्याच्यावर सही करणारे. क्रम उलटा झाला तर पहिले प्रमाणपत्र खासगी कीशी जुळत नाही आणि एनजिनएक्स सुरूच होत नाही. याहून फसवा प्रकार म्हणजे ओळ न तुटणे. नोटपॅडमध्ये चिकटवलेल्या फाईलच्या शेवटी नवी ओळ नसते. अशा दोन फायली ‘कॅट’ने जोडल्या की पहिल्याची ‘एंड सर्टिफिकेट’ आणि दुसऱ्याची ‘बिगिन सर्टिफिकेट’ एकाच ओळीत, मध्ये दहा आडव्या रेघांसह, चिकटून बसतात आणि ‘बॅड एंड लाइन’ असा दोष येतो. आर-११ जोडताना हा अनुभव मी घेतला आहे. पडद्यावर फाईल झरझर सरकवत पाहिली तर ती ओळ नजरेतून सुटते.

नूतनीकरणानंतर एनजिनएक्सने फाईल पुन्हा वाचावी यासाठी सर्टबॉटच्या ‘रिन्यूअल-हुक्स’ निर्देशिकेतील ‘डिप्लॉय’ या उपनिर्देशिकेत दोन ओळींची शेल स्क्रिप्ट ठेवली आणि तिला चालवण्याची परवानगी दिली. ही परवानगी द्यायची राहून गेली तर स्क्रिप्ट तिथे असूनही नसल्यासारखीच असते. या निर्देशिकेतील स्क्रिप्ट प्रत्यक्ष नूतनीकरण यशस्वी झाले तरच चालते, रोजच्या तपासणीला नाही, त्यामुळे एनजिनएक्सला उगाच त्रास होत नाही.

त्यानंतर संस्थेच्या संगणकावरील विश्वासू फाईलमधून आर-३, आर-१० आणि आर-११ तिन्ही काढून टाकली आणि फक्त आयएसआरजी रूट एक्स-१ ठेवले. त्याची मुदत ४ जून २०३५ पर्यंत आहे. हे पाऊल अनेकजण टाळतात, ‘असू दे, काय बिघडते’ म्हणून. पण ती कुबडी तिथे राहिली तर सर्व्हरवर पुढे कधी फुलचेनची चूक पुन्हा झाली तरी ती काही काळ झाकली जाईल आणि आपण पुन्हा याच चक्रात सापडू. खरे तर प्रणाली अद्ययावत असेल तर वेगळी फाईल ठेवूच नये, प्रणालीचीच विश्वासयादी वापरावी. आमचा नाइलाज त्या जुन्या संगणकामुळे आहे.

पडताळणी बंद करण्याविषयी

या दोषावर शोध घेतला की पहिला उपाय म्हणून हमखास एक ओळ मिळते: ‘रिक्वेस्ट्स’मध्ये ‘व्हेरिफाय’ला ‘फॉल्स’ द्या, किंवा कर्लला ‘हायफन के’ द्या. थेट ‘कॉन्टेक्स्ट’ वापरणाऱ्या नमुन्यात दोन ओळी असतात, आधी ‘चेक-होस्टनेम’ बंद आणि मग ‘व्हेरिफाय-मोड’ला ‘सर्ट-नन’. हा क्रम मंत्रासारखा पाठ केला जातो. तो तसा असण्याचे कारण एवढेच की नावाची तपासणी चालू असताना पडताळणी बंद करू गेल्यास पायथॉन मूल्यदोष देऊन नकार देते. तो नकार म्हणजे पायथॉनने दिलेला शेवटचा इशारा असतो, पण नमुना लिहिणाऱ्यांनी तो चुकवण्याची वाट शोधून ठेवली आहे.

या ओळींनी दोष नाहीसा होतो हे खरे. माहिती कूटबद्धही राहते. पण ती कोणाला पाठवतो आहोत हे आता कोणीच पाहत नाही. मध्ये बसलेला कोणीही स्वतः तयार केलेले प्रमाणपत्र पुढे करून सभासदांचे क्रमांक आणि त्यांच्या बिलांचे आकडे वाचू किंवा बदलू शकतो. तपासणीसाठी पाच मिनिटे पडताळणी बंद करून पाहायला माझा विरोध नाही, पण ती ओळ गिटमध्ये, म्हणजे स्क्रिप्टच्या आवृत्त्या कायम जपणाऱ्या साठ्यात, जाता कामा नये.

जुन्या नमुन्यांत ही तपासणी दिसत नाही, त्यामागे इतिहास आहे. पायथॉनची २.७.९ आणि ३.४.३ या आवृत्त्या येईपर्यंत त्याची मानक ग्रंथालये एचटीटीपीएस जोडणीत प्रमाणपत्र आपण होऊन तपासतच नसत. त्या काळातील नमुने ‘एसएसएल डॉट रॅप-सॉकेट’ ही आज्ञा थेट वापरतात, ती ३.७ मध्ये त्याज्य ठरली आणि ३.१२ मध्ये काढूनच टाकली गेली. काही नमुन्यांत टीएलएसची (सुरक्षित जोडणीच्या नियमसंचाची) १.० ही आवृत्ती नावानिशी घट्ट बसवलेली असते. १.० आणि १.१ या दोन्ही आवृत्त्या मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे त्याज्य ठरल्या आहेत, म्हणून असा नमुना आजच्या बहुतेक सर्व्हरशी बोलू शकत नाही. असे नमुने सुधारत बसण्यापेक्षा ‘क्रिएट डिफॉल्ट कॉन्टेक्स्ट’ने सुरू होणारा नवा नमुना घ्यावा.

चाचणीसाठी स्वतःची प्रमाणन संस्था उभी केली असेल तर

चाचणीच्या सर्व्हरसाठी अनेकजण ओपनएसएसएलच्या तीन आज्ञांचा नमुना वापरतात: स्वतःचे रूट तयार करणे, सर्व्हरसाठी विनंती तयार करणे, आणि ‘एक्स-५०९’ या प्रमाणपत्रे हाताळणाऱ्या आज्ञेला ‘रेक’ पर्याय देऊन त्या विनंतीवर सही करणे. वर्षानुवर्षे चाललेला हा नमुना पायथॉन ३.१३ वर नेल्यावर अचानक अडतो आणि ‘मिसिंग ऑथॉरिटी की आयडेंटिफायर’ किंवा ‘बेसिक कन्स्ट्रेंट्स ऑफ सीए सर्ट नॉट मार्क्ड क्रिटिकल’ असे दोष येऊ लागतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या या आवृत्तीपासून ‘क्रिएट डिफॉल्ट कॉन्टेक्स्ट’ प्रमाणपत्राची काटेकोर तपासणी आपोआप चालू ठेवते. म्हणजे पायथॉन बिघडलेले नाही. आपली प्रमाणपत्रे आधीपासूनच अर्धवट होती आणि आता कोणीतरी ते बोलून दाखवले आहे.

काटेकोरपणाचा झेंडा ‘व्हेरिफाय-फ्लॅग्स’मधून उतरवता येतो, आणि समोरचे प्रमाणपत्र दुसऱ्याचे असेल, आपल्याला बदलता येत नसेल, तर तेवढाच मार्ग उरतो. आपलेच असेल तर पुन्हा बनवावे. सही करण्याच्या आज्ञेला ‘एक्स्टफाईल’ पर्यायाने एक छोटी मजकूर फाईल द्यावी. तिच्यात सर्व्हरसाठी चार ओळी पुरतात: मूलभूत मर्यादेत ‘सीए’ला ‘फॉल्स’, सही करणाऱ्याच्या कीची ओळख, विस्तारित वापरात ‘सर्व्हर-ऑथ’ आणि पर्यायी नावांत सर्व्हरचे नाव. रूटसाठी मूलभूत मर्यादेत ‘सीए’ला ‘ट्रू’ आणि त्याआधी ‘क्रिटिकल’ हा शब्द हवा. कीच्या वापरात प्रमाणपत्रावर सही करण्याची परवानगी हवी.

पर्यायी नावांच्या ओळीविषयी जरा अधिक सांगतो, कारण तीच सर्वांत जास्त वेळा हरवते. संकेतनाम पूर्वी ‘कॉमन नेम’ या रकान्यात लिहीत. क्रोमने एप्रिल २०१७ मधील ५८ व्या आवृत्तीपासून तो रकाना वाचणे सोडले, आणि गो भाषेनेही २०२० मध्ये १.१५ या आवृत्तीत तेच केले. आता नाव पर्यायी नावांतच असावे लागते. लोक ते विनंतीत लिहितात आणि निश्चिंत होतात. पण ‘एक्स-५०९’ची सही करणारी आज्ञा विनंतीतील विस्तार (पर्यायी नावांसारखे जादा रकाने) आपण होऊन पुढे नेत नाही. ओपनएसएसएल ३.० पासून ‘कॉपी-एक्स्टेन्शन्स’ हा पर्याय आहे, तो द्यावा लागतो, नाहीतर विनंतीत असलेले नाव प्रमाणपत्रात उतरतच नाही. शिवाय कार्यालयातील सर्व्हर १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या आयपी पत्त्याने उघडायचा असेल तर तो पत्ता ‘डीएनएस’ प्रकारात लिहून चालत नाही, ‘आयपी’ प्रकारातच लिहावा लागतो. सही झाल्यावर ‘एक्स-५०९’ला ‘एक्स्ट’ पर्यायाने पर्यायी नावे छापायला सांगून एकदा खात्री करून घ्यावी.

घड्याळ

‘सर्टिफिकेट इज नॉट येट व्हॅलिड’ असा दोष आला तर प्रमाणपत्राकडे न पाहता आधी संगणकाचे घड्याळ पाहावे. मदरबोर्डवरील बॅटरी संपलेली असली की वीज जाऊन आल्यावर घड्याळ काही वर्षे मागे जाते, आणि कालचे प्रमाणपत्र त्याच्या लेखी भविष्यातले ठरते. प्रमाणपत्रावरील वेळ जागतिक वेळेत असते, आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे; त्यामुळे घड्याळात वेळ भारतीय पण विभाग जागतिक असा घोळ असेल तर संगणक साडेपाच तास पुढे धावतो आणि शेवटच्या दिवशी मुदत दुपारऐवजी सकाळीच संपल्यासारखी दिसते. नाण्याएवढी बॅटरी बदलावी आणि वेळ नेटवरून जुळवण्याची सोय चालू करावी.

पहारा

२०२५ च्या जूनपासून लेट्स एन्क्रिप्टने मुदत संपण्याची सूचना देणारी ईमेल पाठवणे बंद केले आहे. विकत घेतलेल्या प्रमाणपत्रांची कमाल मुदतही आकसत चालली आहे: २०२० पासून ३९८ दिवस होती, ती १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस असे ठरले आहे. वर्षातून एकदा हाताने फाईल बदलून भागवणाऱ्यांनाही २०२९ पासून सव्वा-दीड महिन्याने हेच करावे लागेल, आणि साखळीची चूक करण्याच्या संधी त्या प्रमाणात वाढतील.

मी क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणाऱ्या सोयीत) रोज सकाळी ७ वाजता चालणारी एक शेल स्क्रिप्ट ठेवली आहे. ती एस-क्लायंटने सर्व्हरचे प्रमाणपत्र नेटवरून घेते, ‘व्हेरिफाय-रिटर्न-एरर’ व ‘व्हेरिफाय-होस्टनेम’ हे दोन्ही पर्याय देते आणि मिळालेले प्रमाणपत्र ‘एक्स-५०९’च्या ‘चेकएंड’ पर्यायापुढे १८१४४०० सेकंद, म्हणजे २१ दिवस, देऊन तपासते. मुदत त्याआधी संपणार असेल तर आज्ञेचा निर्गम संकेतांक १ येतो आणि मला संदेश जातो. सर्टबॉट साधारण ३० दिवस आधी नूतनीकरण करत असल्याने २१ दिवसांची सीमा ओलांडली जाणे म्हणजे नूतनीकरण तरी फसले आहे किंवा एनजिनएक्सने नवी फाईल वाचलेली नाही. ‘सर्टबॉट’च्या निर्देशिकेतील फाईल थेट तपासणारे नमुने पुष्कळ दिसतात, त्यांना यातला दुसरा प्रकार कधीच कळत नाही, कारण डिस्कवरची फाईल ताजीच असते. स्क्रिप्ट सही करणाऱ्याचे नावही दररोज एका ओळीत नोंदवते, म्हणून आर-१३ च्या जागी दुसरे कोणी आले तर ते सचिवांच्या फोनआधी मला दिसते.

ही पहारा स्क्रिप्ट सुरुवातीला मी सर्व्हरवरच ठेवली होती. आता ती संस्थेच्या संगणकावर आहे आणि त्याच विश्वासू फाईलने तपासते जी रात्रीची स्क्रिप्ट वापरते. सर्व्हरवरून पाहिले असता त्या जुन्या संगणकाचे घड्याळ, त्याची विश्वासयादी आणि त्यावरचे विषाणूरोधक सॉफ्टवेअर यांतले काहीच तपासले जात नव्हते.